धाकटी चावी

‘चावी, तुझी हाळी अजून कानात आहे गं,’ असं अभयनं सकाळी सकाळी ग्रुपवर लिहिलं. आता, मी आयुष्यात कधी हाळी दिलेली नाही. हाळी सोडा, मला साधी रिक्षा हाक मारून थांबवता येत नाही. मी आपली हात वर करून उभी राहते आणि रिक्षावाला मान फिरवून निघून जातो. पुण्यातला असल्यामुळे हाक मारली असती तरी तो थांबला नसताच, एवढंच काय ते समाधान. पोस्टात बचत खात्याच्या काउंटरवर बसायचे तेव्हा पलीकडची माणसं काचेला कान लावायची. एका आजोबांनी तर सरळ विचारलं होतं, बाई, तुम्ही बोलताय की नुसते ओठ हलवताय? अशा बाईची हाळी म्हणे अभयच्या कानात इतकी वर्षं राहिली. मी खिडकीशी उभी होते. खाली टँकर लागला होता. आमच्या वाघोलीत पाणी टँकरमधून टाकीत येतं आणि टाकीतून नळाला, आणि ते आल्याचं कुणी ओरडून सांगत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप पडतो आणि त्याला सतराजण अंगठा दाखवतात. मी अभयचं वाक्य पुन्हा वाचलं.  कारण हाळी होती, अगदी खरी होती, माझ्याही कानात होती. फक्त ती माझी नव्हती. ती ललिताची होती, माझ्या धाकट्या बहिणीची, आणि ललिता बारा-तेरा वर्षांची असताना गेली.

आमच्या ग्रुपचं नाव ‘भट्टीकर’. नाव ऐकून लोकांना वाटतं आमचा दारूचा धंदा असावा. विश्रांतवाडीच्या अलीकडे, आळंदी रस्त्याच्या आत, जुन्या वीटभट्टीच्या जागेवर पत्र्याच्या खोल्यांच्या समोरासमोर दोन ओळी होत्या, त्याला सगळे भट्टी म्हणत. निम्मी घरं आमची, बौद्धांची, कारखान्यात नाहीतर महापालिकेत कामाला असलेल्यांची. उरलेली कुठून कुठून पोट भरायला आलेल्यांची. एका टोकाला विहार, दुसऱ्या टोकाला नळ, आणि मध्ये आम्ही पोरं. सगळी एकाच शाळेत, एखाद्या इयत्तेनं मागंपुढं. आता तिथं दोन टोलेजंग इमारती आहेत आणि त्यांच्या इंग्रजी नावात नदी आहे आणि डोंगरही आहे, जे तिथं कधीच नव्हतं. माझ्या घरापासून ही जागा रिक्षानं तासाभराच्या आत. पण आम्ही तिच्या आठवणी अशा काढतो, जणू कुणी आम्हाला काळ्या पाण्यावर धाडलंय. परवा रतननं ‘सुकडी’ एवढाच शब्द टाकला, शाळेत मधल्या सुट्टीत ओंजळीत मिळायची ती गोड पिवळी भुकटी, तर साठीला टेकलेली माणसं दिवसभर येड्यासारखी त्या एका शब्दाभोवती फिरत राहिली. मीही त्यातलीच. भाजी फोडणीला टाकून मी फोन उघडत होते आणि भाजी करपली. जायला तिथं काही उरलेलं नाही, आणि जीव तर तिकडंच ओढ घेतो. ज्या गावाला जायला गाडी असते त्या गावाची एवढी आठवण येत नसावी.

पण मी त्या ग्रुपात सुकडीसाठी गेले नव्हते. मी गेले ती एक वाट बघायला. कुणीतरी, आपण होऊन, न विचारता, ललिताचं नाव काढील. ‘अगं, तुझी ती बहीण’ एवढं म्हटलं तरी मला पुरलं असतं. आई गेली, अण्णा त्याच्या आधीच गेले. माझ्या नवऱ्यानं तिला पाहिलेलं नाही. मुलाला मावशी होती हे माहीत आहे, जसं आपल्याला भूगोलातल्या नद्या माहीत असतात. तिचा एकच फोटो, जयंतीच्या मिरवणुकीतला, त्यात सगळ्यांचे चेहरे समोर आणि ही कुणाला तरी बोलावायला मान मागं वळवून, म्हणजे दिसते ती वेणी. तर आता ललिता फक्त माझ्याकडे आहे. आणि माझं काय सांगावं? आईला शेवटी शेवटी काही आठवत नव्हतं. भात खाल्लेला आठवत नव्हता, अण्णा गेलेले आठवत नव्हते, आणि एका दुपारी मी मुद्दाम, धीर करून, ललिताचं नाव घेतलं तर ती म्हणाली, कोण बाई? मला तेव्हा आईचं वाईट वाटलं नाही, ललिताचं वाटलं. आता माझाच चष्मा मला सापडत नाही, गॅस बंद केला की नाही म्हणून अर्ध्या जिन्यातून परत येते. मी विसरले तर संपलं. म्हणून दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यात ती असलेली मला हवी होती, आणि ती मी घातलेली नको होती. मागून घेतलेली आठवण ती आपलीच, दुसऱ्याच्या तोंडून फिरून आलेली. त्यामुळे मी गप्प बसून राहिले. ग्रुपवर चिंचेचं झाड निघालं, घंटा वाजवणारे शिपाई निघाले, बोरकूट विकणारी म्हातारी निघाली. भट्टीवरच्या कुत्र्याचं नाव काय, यावर दोन दिवस चर्चा चालली आणि नाव शेवटी सापडलं. कुत्र्याचं नाव सापडलं म्हणून दीपालीनं नाचणाऱ्या बाईचं चित्र टाकलं. मी त्या दिवशी फोन कपाटात ठेवून दिला.

आणि आज आली तर ती अशी आली, माझ्या नावावर. यात अभयचा दोष नाही, दोष त्या चावीचा. आमचे अण्णा, तात्याराव, महापालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते. हातभर आडवी मूठ असलेली ती उंच लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते हिंडायचे, आणि रस्त्यातल्या खड्ड्यात ती घालून, गरागरा फिरवून त्या त्या वस्तीचं पाणी सोडायचे. चावीवाल्याच्या पोरी म्हणून आम्ही दोघी ‘चावी’. अगदीच नड पडली तर मोठी चावी आणि धाकटी चावी, पण भट्टीवर एवढा वेळ कुणाला होता? कुणी ‘ए चावी’ म्हणून ओरडलं की आम्ही दोघी माना वळवायचो, आणि काम शंभरातल्या नव्वद वेळा ललिताकडेच असायचं. तिला बोलावणं असायचं. मला असलं तर आईचं. आता चावी म्हणून एकच बाई जगात शिल्लक आहे, ग्रुपात आहे, तिचा फोन नंबर आहे. मग चावीचं जे काही असेल ते तिच्याच नावावर पडणार. पोस्टातसुद्धा वारसाचं असंच होतं, फक्त तिथं दाखला मागतात.

दुपारपर्यंत ग्रुपवर नुसता पाऊस पडला. रतननं त्याच्या आजोबांसाठीची हाळी जशीच्या तशी लिहिली: ‘गेनबाआबा, आता अंघोळीला सबब नाही!’ ते वाचलं आणि मी पुन्हा वाचलं. शब्दन् शब्द तिचा. संध्याकाळी अण्णा कोपऱ्यावर आमचं पाणी सोडायला आले की ललिता तिथं हजर असायची. त्यांनी चावीचा शेवटचा फेरा दिला रे दिला की ही सुटायची. पाणी नळाला पोचायच्या आत आपण पोचायचं, हा तिचा रोजचा खेळ. जमिनीखालून पाणी आणि वरून ललिता. आणि नुसतं ‘पाणी आलं’ असं ती कधी ओरडली नाही, प्रत्येक दाराला वेगळी हाळी. दीपालीच्या आईचं शेजारणीशी रोज वाजायचं, तर तिला, ‘काकू, भांडण उद्या, पाणी आज!’ अभय पुस्तकी किडा, त्याला, ‘अभ्या, पुस्तक मीट, हंडा घे!’ बायका हसायच्या, शिव्या द्यायच्या, पदर खोचून निघायच्या, आणि एका दमात दोन्ही ओळी जाग्या व्हायच्या. तिचा आवाज काही गोड नव्हता हो, उगाच कशाला खोटं बोलू. फाटका होता. शेवटचं अक्षर ती वर नेऊन सोडून द्यायची, पत्र्यावर खडा टाकावा तसं. दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला, ताप डोक्यात गेला, दवाखान्यातून अण्णा तिला घेऊन आले ते मी आत्याकडे निजले होते त्या पहाटे. विहारात वंदना झाली. मला आठवतं ते सगळ्या बायकांचं पांढरं लुगडं आणि त्यातली आईची एकटीची किनार निळी, कारण तिला कपडे बदलायचं सुचलंच नव्हतं. त्यानंतर कुणी हाळी दिली नाही. बायका आपल्या आपण यायला लागल्या, हंड्यांच्या आवाजावरून. दीपालीचं घर त्याच उन्हाळ्यात कर्वेनगरला गेलं होतं, अभयला मामाकडे शिकायला ठेवलं होतं, रतन होता, पण रतन असून नसल्यासारखाच, तो सदा पतंगात. त्यामुळे या तिघांना ती गेलेली माहीत नसावी, किंवा कळूनही अंगाला लागली नसावी. त्या वयात दुसऱ्याच्या घरातलं मरण म्हणजे एक दिवस खेळायला न मिळणं.

आमचे हे, रंगनाथराव, पेपर वाचत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे माझ्या आवाजात जेवढं सांगता येतं तेवढं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, मग लिहून टाक की ती मी नाही, माझी बहीण. एका ओळीचं काम आहे. नवरा माणूस समजूतदार आहे, पण त्याला सगळं एका ओळीचंच वाटतं. मी फोन हातात घेतला, ‘अभय, अरे’ एवढं लिहिलं, आणि पुसलं. का पुसलं? एक तर मला राग आला होता. हात दाखवून अवलक्षण कशाला, असंही वाटलं. मी लिहिणार, मग दहा जण हात जोडल्याची चित्रं टाकणार, ‘ओह, सॉरी टू हिअर’ म्हणणार, आणि पाच मिनिटांनी कुणीतरी आरोग्याचे फायदे टाकणार, कारल्याचे. ललिता कारल्याच्या वर आणि सुप्रभातच्या खाली. पण खरं सांगू का, हे सगळं नंतरचं. खरं हे की मला बरं वाटलं होतं. संध्याकाळपर्यंत मी ते निरोप कितीदा वाचले! ‘चावी म्हणजे भट्टीची जान’, ‘चावी नसती तर आम्ही तहानेनं मेलो असतो’. साठ वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं बोललं नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्या अक्षराची स्तुती केली होती, आणि नाव चुकवलं होतं. मी आरशात पाहून हळूच म्हणून बघितलं, ‘काकू, भांडण उद्या.’ आतल्या खोलीत कुकर होता, तरी मला कुणी ऐकलं की काय म्हणून लाज वाटली.

रविवारी दीपालीकडे कर्वेनगरला जेवायला जमायचं ठरलं, आणि मी जायचं ठरवलं. तोंडावर सांगायचं, म्हणजे कारल्याचा प्रश्न नाही. आयुषनं, आमच्या मुलानं, मला गाडी बोलावून दिली, ‘मॉम, ओटीपी विसरू नकोस’ म्हणाला. नगर रस्त्यावर गाड्यांची ही रांग. मी मागच्या सीटवर बसून वाक्यं जुळवत होते. ‘तुम्ही ज्या चावीबद्दल बोलताय ती’, नको, हे भाषणासारखं. ‘माझी एक बहीण होती’, हे तर शाळेतल्या निबंधासारखं. मला वाटलं, हे लोक म्हणतील, अरेच्चा, म्हणजे तू नव्हतीस होय. आणि मग त्यांच्या तोंडावर क्षणभर ते दिसेल, चुकीच्या माणसाला मिठी मारल्यावर दिसतं ते. खिडकीबाहेर मेट्रोचे खांब जात होते आणि मला एकदम भट्टीवरची संध्याकाळ आठवली, चुलीचा धूर, ओल्या मातीचा वास नळाभोवतीचा, कुणाच्या तरी रेडिओवरच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमाची घरघर, आणि लांबून, अजून लांबून, ती येतेय. इतकी ओढ लागली की ड्रायव्हरला म्हणावं वाटलं, बाबा, गाडी फिरव, विश्रांतवाडीला घे. पण तिथं जाऊन बघायचं काय, वॉचमन? त्यानं वहीत नाव लिहायला लावलं असतं, कुणाकडे जायचंय म्हणून विचारलं असतं.  येरवड्याच्या पुलावर मला रडू आलं आणि ड्रायव्हरनं न विचारता एसी कमी केला.

दीपालीच्या दारात पाऊल टाकलं आणि तिघंही ओरडली, चावी आली! दीपालीनं कडकडून मिठी मारली. ती शाळेत असताना जेवढी होती त्याच्या तिप्पट झालीय, पण गालावरची खळी तिनं सांभाळलीय. अभयचे केस गेलेत आणि त्या जागी एक प्रकारची नम्रता आलीय. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाला. रतनचं विश्रांतवाडीत झेरॉक्सचं दुकान आहे. भट्टीच्या सगळ्यांत जवळ तोच राहिला, आणि गंमत म्हणजे त्यालाच सगळ्यांत कमी आठवतं. दीपालीनं मटण केलं होतं, भाकऱ्या तव्यावरून थेट ताटात येत होत्या, आणि आठवणींना जी धार लागली ती लागली. आणि सगळं माझ्याबद्दल. शाळेच्या भिंतीवरून उडी मारून हेडमास्तरांच्या समोर पडलेली मी. जयंतीच्या भाषणात कागद विसरले तरी न थांबता भट्टीवरच्या एकेका बाईचं नाव घेऊन ‘या सगळ्या शिकल्या पाहिजेत’ असं ठणकावणारी मी. अभयला हिशेब येईना म्हणून बाईंच्या पाठीमागून बोटं दाखवणारी मी, आणि ती बोटंही चुकीची. मी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. एकही गोष्ट माझी नव्हती, आणि एकही गोष्ट खोटी नव्हती. काही तर मलाच ठाऊक नव्हत्या, ती बोटांची मला पहिल्यांदाच कळली. माझ्या डोक्याच्या बाहेर, तिघांच्या डोक्यांत, ती एवढी धडधाकट हिंडत होती. मी वेडी, वाट बघत बसले होते. ललिताला कुणीच विसरलं नव्हतं.

मग माझ्या मनात आलं, आणि आलं ते घास अडकावा तसं आलं, की मग विसरले ते मला. कारण ललिता चावी झाली आणि चावी मी झाले, तर भट्टीवरच्या आमच्या खोलीच्या दाराशी बसलेली दुसरी मुलगी कुठं गेली? तीसुद्धा याच शाळेत होती, यांच्याच बाकावर. मी बोलण्यात तिला शोधू लागले. कुणी म्हणेल, तुझ्यासोबत एक असायची ना, तेल लावलेल्या दोन वेण्यांची, गप्प. एकानंही म्हटलं नाही. आता सांगायचं म्हणजे हे उघड करायचं, की तुम्ही ज्या बाईला मिठी मारलीत, जिच्यासाठी भाकऱ्या बडवल्यात, ती तुम्हाला मुळात आठवतच नाही. ललिताला तिचं देऊन टाकलं की माझ्या पदरात उरतं काय? मी हाताला लागेल ते चाचपडल्यासारखं विचारलं, आमच्या घरात आणखी कोण कोण होतं, आठवतं का रे? रतननं हाडूक चोखता चोखता विचार केला. म्हणाला, लहान भाऊ होता ना तुला, तान्हा, तो गेला बिचारा. अभयनं त्याला डोळ्यानं दाबलं, जाऊ दे रे, जेवताना कशाला. दीपालीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला कधी भाऊ नव्हता. तिचं मरणसुद्धा त्यांनी तिच्यापासून सोडवून एका नसलेल्या पोराला दिलं होतं.

जेवणं झाली, हात धुतले, आणि दीपालीला लहर आली. म्हणाली, चावी, एकदा हाळी दे, इथं गॅलरीतून दे, खालची सोसायटी हादरू दे, एरवीही त्यांची माझ्यावर तक्रार असतेच. अभय एकदम ताठ बसला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला बघवेना. तो म्हणाला की त्याला रात्री झोप लागत नाही तेव्हा तो ती हाळी आठवायचा प्रयत्न करतो. शब्द येतात, आवाज जवळ येतो आणि निसटतो. आणि हे सांगणारा माणूस बँकेत लोकांची कर्जं नामंजूर करायचा. रतननं फोन काढला आणि उभा धरला. दीपालीनंही धरला. मी उठून गॅलरीच्या दारात गेले. शब्द सगळे पाठ होते, कुठलं अक्षर वर न्यायचं तेही. तोंड उघडलं. आणि मला अभयचं वाट बघणारं तोंड दिसलं, आणि ते दोन फोन. मी आता ओरडले, या माझ्या किनऱ्या, काउंटरच्या काचेमागच्या आवाजात, तर यापुढं रात्री त्याच्या कानात येईल तो हाच. हाच फोनमध्ये राहील, हाच ग्रुपवर जाईल, लोक हाच पुन्हा पुन्हा ऐकतील. तिचं जगात जे काही शिल्लक होतं, तीन माणसांच्या कानातला तो फाटका आवाज, त्याच्यावर मी माझा आवाज थापणार होते.  माझं काय व्हायचं ते होवो, पण एवढं माझ्या हातून होणं नाही.

“ते बंद करा,” मी म्हणाले. रतनला ऐकू गेलं नाही. मी जवळ जाऊन त्याचा फोन खाली केला. “हाळी माझी नव्हती. ती ललिता. माझी धाकटी बहीण. तापानं गेली ती तीच, भाऊ नव्हता मला. तुम्ही आज बोललात ते सगळं तिचं आहे.”

 आत सिंकवर नळ टपटपत होता आणि दीपालीसुद्धा तो बंद करायला उठली नाही. रतन माझ्याकडे बघत होता, आणि मला भीती होती तेच त्याच्या तोंडावर होतं, चुकीच्या माणसाला मिठी मारल्याचं. मी मनात म्हटलं, आता ‘अरेरे’ म्हणतील आणि विषय बदलतील. अभय खाली मान घालून बसला होता. तो जणू आत कुठंतरी खोल्या उघडत चालला होता, ही नव्हे, ही नव्हे, पुढची. मग त्यानं मान वर केली.

“लली,” तो म्हणाला. “पुढचा दात अर्धा. हसताना त्यावर बोट ठेवायची.”

हे मी सांगितलं नव्हतं. लली हे नाव मी त्या घरात उच्चारलं नव्हतं, ग्रुपवर लिहिलं नव्हतं; आई विसरायला लागल्यापासून ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. आणि तो दात, खरंच की, अर्धा होता, हापशाच्या दांड्यानं तुटलेला, आणि त्यावर ती बोट ठेवायची, आणि हे मी स्वतः विसरले होते. माझ्याकडे नसलेली ललिता याच्याकडे होती.  दीपाली एकदम म्हणाली, हो, दोघी होत्या, मोठी चावी आणि धाकटी चावी, आई म्हणायची ना, धाकटीला नका नादी लावू; आणि ती रडायला लागली, रडता रडता म्हणाली, म्हणजे ती मोठी झालीच नाही? मी म्हटलं, नाही. मग मीही रडले. साठीतल्या दोन बायका एकमेकींच्या खांद्यावर रडत होत्या आणि रतन बिचारा पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता, कुणाला द्यावा ते न कळून. बरं वाटलं मला, खूप बरं वाटलं. इतक्या वर्षांनी तिच्यासाठी दुसरं कुणीतरी रडत होतं.

डोळे पुसून झाल्यावर दीपाली माझ्याकडे निरखून बघू लागली. तिला मला शोधायचं होतं, मनापासून शोधायचं होतं, माझ्या कपाळावर, हनुवटीवर कुठं काही सापडतं का ते ती बघत होती. सापडत नव्हतं, आणि ती खोटं बोलणारी बाई नाही. तिनं माझा हात धरला.

“मग तू गं?” तिनं हळूच विचारलं. “ती ओरडत यायची तेव्हा तू कुठं असायचीस?”

मला वाटलं होतं हा प्रश्न आला की मी मरेन. मी खरोखरच आठवून पाहिलं. नळ आठवला, ओटा आठवला, आमचं दार, विहाराची पायरी. कुठंच मी नव्हते. कुठल्याच संध्याकाळी माझे हात, माझा फ्रॉक, माझे पाय दिसेनात. दिसत होती ती एकच, कोपऱ्यावरून वळलेली, वेणी सुटलेली, तोंड उघडं, पाण्याच्या एक पाऊल पुढं.

“मी तिच्याकडे बघत असायचे,” मी म्हणाले.